सत्त्याण्णवावं पान

अर्धवट सुटलेली गोष्ट मला सहन होत नाही. "तुला एक सांगायचंय, पण नंतर सांगते," असं कुणी म्हणालं की माझं जेवणावरचं लक्ष उडतं. बसले की माझा पाय हलत राहतो. ऑफिसात समोरच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा हात जोडून सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्या पायानं माझ्या फायली हलतात." असल्या स्वभावाच्या बाईनं रहस्यकथा वाचू नयेत. मी तीसेक वर्षं दुसरं काही वाचलेलं नाही.

नांदेडला आमचं एक वाचनमंडळ आहे. रेल्वे ऑफिसातली मी, एक निवृत्त मास्तर, औषधाचं दुकान चालवणाऱ्या एक बाई, बँकेतले दोघं, असे दहा-बारा जण. महिन्यातून दोन रविवारी जमतो आणि फक्त रहस्यकथा वाचतो. मंडळाला नियम एकच, आणि तो मास्तरांनी घालून दिलेला. शेवटचं प्रकरण कुणी एकट्यानं वाचायचं नाही. सगळ्यांनी पुस्तक तिथपर्यंत आणायचं, आपल्याला खुनी कोण वाटतो ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि मग मास्तर शेवट मोठ्यानं वाचणार. नियम मोडणाऱ्यानं पुढच्या बैठकीला सगळ्यांना भजी करून आणायची. मंडळात सगळ्यात जास्त भजी मी तळली आहेत.

गेल्या हिवाळ्यात या मंडळाच्या डोक्यात महोत्सव शिरला. पुण्या-मुंबईला असलं काही होत असेल तर होवो, आपण मराठवाड्याचा पहिला रहस्यकथा महोत्सव करायचा, तोही दोन दिवसांचा, कॉलेजच्या हॉलमध्ये. लगेच पोस्टर झालं. त्यावर भिंग, पाइप आणि लांब कोट घातलेला एक गृहस्थ. तो कोट घालून नांदेडच्या उन्हात कुणी गुप्तहेर बाहेर पडला तर पहिलं प्रेत त्याचंच सापडेल, असं मी म्हणाले. कुणी हसलं नाही. पंचनामा कसा करतात यावर निवृत्त फौजदारांचं भाषण ठरलं, जुन्या पॉकेटबुकांचं प्रदर्शन ठरलं, "खुनी ओळखा" ही स्पर्धा ठरली. आणि मग मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि शेवटच्या सत्रात तुमचे वडील."

माझ्या वडिलांनी एकच कादंबरी लिहिली. ते एसटीत कंडक्टर होते. लग्न नुकतंच झालेलं, वय पंचविशीच्या आसपास, मुखेड-लातूर गाडीवर ड्युटी. मुक्कामाच्या गाडीत सीटवर पाय घेऊन, तिकिटांच्या ट्रेचं टेबल करून त्यांनी ती लिहिली. लातूरच्या एका प्रकाशकानं छापली. त्या काळात पॉकेटबुकांतले सगळे खून मुंबईत व्हायचे, तेही हॉटेलात. बाबांचा खून झाला खेडेगावात. पाटलांच्या शेतातल्या विहिरीत शाळेच्या हेडमास्तरांचं प्रेत सापडतं, आणि तपास करतो एक एसटी कंडक्टर, कारण कोण कुठं चढला, कुठं उतरला आणि कुणी कुठलं तिकीट काढून भलत्याच स्टॉपवर उडी मारली, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मास्तर म्हणतात, गावाकडची गावाकडच्या माणसानं लिहिलेली अशी गोष्ट त्यांना दुसरी माहीत नाही. ते खरं की खोटं मला ठाऊक नाही. पण ते हे बोलले तेव्हा मला कबूल करावं लागलं, की आमच्या घरात त्या पुस्तकाची एक प्रतसुद्धा नाही. लहानपणी विचारलं की बाबा म्हणायचे, "होतं एक. गेलं."

बाबा आता ऐंशीला आलेत. मुखेडला एकटेच राहतात, नांदेडला या म्हटलं तर गाडी आहे ना रोज, म्हणतात. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढलंय. एकदा दूध आणायला निघाले आणि बसस्टँडवर जाऊन बसले. तिथल्या एका पोरसवदा कंडक्टरनं ओळखून घरी आणून सोडलं. जेवलो का नाही ते आठवत नाही, पण मुखेड ते लातूर मधले थांबे विचारले तर धडाधड सांगतात. मला एवढंच हवं होतं, की त्यांचं डोकं शाबूत आहे तोवर भरल्या हॉलमध्ये त्यांच्यासमोर त्यांचं पुस्तक वाचलं जावं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

आणि शेवटचंच पान नव्हतं.

पहिली प्रत आम्हाला नांदेडच्या रद्दीवाल्याकडं मिळाली. शहाण्णवाव्या पानाला संपलेली. ते पान असं तुटतं: शेतात राखण करणारा म्हातारा चौकशीला आलेल्या मोठ्या साहेबांपुढं साक्षीला उभा राहतो, मान खाली घालून म्हणतो, "साहेब, त्या दिवशी पहाटं मी" आणि संपलं. पुढचा सोळा पानांचा फर्माच, म्हणजे एकत्र छापून शिवलेला गठ्ठाच, गायब. माझा पाय त्या दिवशी असा हलायला लागला की नवरा म्हणाला, पंखा लावू का बंद करू ते तरी सांग. दुसरी प्रत अहमदपूरहून आली, जुन्या वाचनालयाच्या शिक्क्याची. तीही शहाण्णवला संपलेली. उदगीरची तशीच, लातूरच्या दोन तशाच. पाचही प्रतींमधून तेवढाच फर्मा गेलेला, आणि फाडलेला नाही, अगदी सरळ रेषेत, बोटानं दाबून, हलक्या हातानं काढलेला. शहाण्णवाव्या पानाच्या कोपऱ्यात प्रत्येक प्रतीला एक छोटंसं गोल भोक.

मंडळातल्या दहा गुप्तहेरांना याहून मोठी मेजवानी काय पाहिजे. औषधवाल्या बाई म्हणाल्या, कसर लागलीय. बँकवाले म्हणाले, फिरत्या वाचनालयाची खूण असणार. मास्तरांनी भिंग आणलं, खरंच आणलं, आणि भोकाचा व्यास पट्टीनं मोजला. मी त्या प्रती हातात घेऊन पंचवीस वेळा बघितल्या. कंडक्टरची पोरगी मी. आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही, हे लिहिताना आजही मला स्वतःचा राग येतो.

बाबांना फोन केला. "बाबा, शेवटी खुनी कोण होता?"

"कशाचा खुनी?"

"तुमच्या पुस्तकातला."

पलीकडं त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "विसरलो बघ माय. लई वर्षं झाली."

मी त्यांच्या विसरण्याला दोष दिला आणि शोध वाढवला. रेणापूरच्या एका माणसानं सांगितलं की तिथं पूर्वी एकजण पॉकेटबुकं भाड्यानं द्यायचे, ते वारले, पण त्यांच्या पत्नी आहेत. मी रजा टाकली आणि नांदेडहून लातूर, लातूरहून रेणापूर अशी गेले. त्या बाईंचं वय पंच्याहत्तरीच्या पुढं, नजर मात्र सुईत दोरा ओवणारी. वाचनालयाची सगळी पुस्तकं कधीच गेली होती. फक्त एक राहिलं होतं, आणि ते वाचनालयात कधी गेलंच नव्हतं.

"बाळंतपणाला बसले होते," त्या म्हणाल्या. "मालक नवीन पुस्तकं घेऊन आले, ह्याच पुस्तकाची तीन होती, त्यातलं एक म्या आधी उचललं. सासूबाईंच्या धाकानं तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवून ठिवलं. वाचून झालं तरी परत दिलं न्हाई. मालकांना वाटलं, पार्सलातच कमी आलं."

पुस्तकाला खरंच डाळीचा वास होता. मी उघडलं. शहाण्णव, आणि पुढं सत्त्याण्णव. एकशे बारापर्यंत सगळं जिथल्या तिथं. आणि त्याच क्षणी मी पुस्तक मिटलं. मंडळाचा नियम! आयुष्यात पहिल्यांदा मला तो पाळायचा होता. बाबांच्या पुस्तकाचा शेवट मी बाबांच्या शेजारी बसून ऐकणार होते.

"शेवट मला काई पटला न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "त्यो म्हातारा तसा..."

"सांगू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

पुस्तक त्यांनी दिलं नाही, झेरॉक्स काढू दिली. दुकानदाराला मी सांगितलं, पानांकडं बघू नको, नुसती काढ. एका बाजूनं काढलेले सोळा कागद पर्समध्ये ठेवले आणि न बघता, डोळे अर्धे मिटून, फोनवर फोटो काढून मास्तरांना पाठवले, म्हणजे त्यांना वाचनाची तयारी करता येईल. "सापडलं!!!" असंही लिहिलं. तीन उद्गारचिन्हं. ती आठवली की अजून लाज वाटते.

निघताना बाई सहज म्हणाल्या, "ह्याच पुस्तकासाठी एक कंडक्टर यायचा. आमच्या मालकांकडं मेंबर झाला होता. लई गुणाचा माणूस. पुस्तक न्यायचा, दुसऱ्या दिवशी परत."

मी म्हणाले, ते माझेच वडील असतील, स्वतःचं पुस्तक बघायला यायचे बिचारे. आणि हसत बसमध्ये बसले.

लातूर सोडलं आणि माझा संयम सुटला. भजी तर भजी. मी पर्स उघडली.

पुढं काय वाचलं ते सांगण्याआधी त्या राखण करणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल सांगायला हवं. पहिली प्रत वाचली तेव्हाच मी त्याला ओळखलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं कडबा तोडताना गेलेली, डोक्याला ओलं फडकं, ज्वारीतल्या उंच माळ्यावर बसून पाखरांशी शिव्या देत गप्पा मारणारा आणि कुणी काही विचारलं की "मी बघितलं ते सांगतो, ऐकलेलं न्हाई" असं म्हणणारा. हे माझे आजोबा होते. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबून राखण केली. धम्मदीक्षा घेतली तेव्हा गावची सगळी जुनी कामं त्यांनी एका दिवसात सोडली, राखण तेवढी ठेवली, कारण ती मजुरी होती, कुणाची चाकरी नव्हती, असं ते म्हणायचे. बाबांनी स्वतःच्या बापाला आपल्या पुस्तकातला साक्षीदार केलं होतं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

सत्त्याण्णवावं पान असं सुरू होत होतं: "मीच हेडमास्तरांना विहिरीत ढकलले. त्यांच्या मनगटावरील सोनेरी घड्याळाचा मला मोह झाला. आम्हा गावाबाहेरच्या माणसांची जातच तशी, साहेब."

मी ते तीनदा वाचलं. बस चाकूरच्या स्टँडमध्ये शिरत होती, कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून माझ्या शेजारची जागा धरली, आणि मला फक्त एकच दिसत होतं, की आबांना घड्याळ बघताच येत नव्हतं. आणि भाषा! शहाण्णव पानं तो म्हातारा आमच्या घरातलं बोलला होता. सत्त्याण्णवाव्या पानावर तो एकदम छापील बोलायला लागला. पुढची पानं म्हणजे नुसता चिखल. म्हातारा पाया पडतो, पाटील त्याला उदार मनानं क्षमा करतात, फौजदार बेड्या घालतो. समाप्त.

बसचा कंडक्टर जवळ आला. शेजारी नवा बसलेला माणूस सुट्टे शोधत होता आणि मी कंडक्टरच्या बोटांकडं बघत होते. आता मशीन असते, कागद आपोआप बाहेर येतो. पूर्वी तिकिटाच्या गड्डीतून एकच तिकीट बोटानं दाबून सरळ रेषेत काढायचे. आणि मग पंच मारायचे. कोपऱ्यात. छोटंसं गोल भोक.

चार गावांतली ती पाच पुस्तकं मी मनात पुन्हा उघडली. मग नांदेडपर्यंत न जाता वाटेत अहमदपूरला उतरून मुखेडची गाडी धरली.

बाबा दारात तांदूळ निवडत बसले होते. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ बघितली आणि चष्मा काढला.

"कुठं घावलं?"

"रेणापूरला. डाळीच्या डब्यात होतं."

"तरीच," ते म्हणाले. "तिथं प्रकाशकाच्या यादीपरमाणं एक कमी लागत होतं."

"तुम्ही फाडलीत?"

"हाव."

"सगळी?"

"घावली तेवढी. ड्युटी जिथं जाईल तिथं वाचनालयाचा मेंबर झालो. ड्रायव्हर माझा चांगल्या घरचा शेतकरी गडी, त्यानंच आधी वाचलं अन् माझ्या आधी तोच रडला. मी पुस्तक परत द्यायला गेलो की तो दुकानदाराला गप्पांत धरायचा. पान काढलं की पंच मारायचा मी. कोणतं झालं, कोणतं राह्यलं, कळाया नको?"

मग त्यांनी सांगितलं. पुस्तकाचे सहा फर्मे छापून झाले तेव्हा प्रकाशकानं सातवा नीट वाचला. खरा खुनी बघितला आणि घाबरला. म्हणाला, मला याच जिल्ह्यात पुस्तकं विकायचीत. आधीचे सहा फर्मे बदलायचे म्हणजे कागद वाया, म्हणून त्यानं फक्त सातवा रद्द केला आणि आपल्या माणसाकडून नवा लिहून घेतला. बाबांना पत्ता नाही. छापील पुस्तकं हातात आली तेव्हा कळलं. हस्तलिखित मागायला गेले तर ते बंबात गेलं होतं.

"अन् घरी तुझा आजा वाट बघून राहिलेला," बाबा म्हणाले. "त्याला वाचता येत न्हवतं. पर गावात सांगून बसला होता, पोरानं मला पुस्तकात घातलंय म्हणून. रोज दिवेलागणीला मी दोन-दोन पानं वाचून दाखवायचो. शहाण्णवपर्यंत पुस्तकातलं. पुढचं तोंडपाठ, माझं मी लिहिलेलं. त्याला वाटलं, तेच छापलंय. खूश झाला. मग मला भ्या वाटाया लागलं, की उद्या दुसरं कुणीतरी त्याला वाचून दाखवंल." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "माझ्या बापाला खुनी केलं त्यांनी. अन् माझं नाव लावलं वर."

मी रडले. मोठ्यानं, नाक पुसत, बारक्या पोरीसारखी रडले. मग मला राग आला, आणि राग आला की मला काहीतरी करावंच लागतं. मी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. "सांगा बाबा. खरा शेवट. आत्ता."

त्यांनी डोळे मिटले. "साहेब, त्या दिवशी पहाटं मी माळ्यावर होतो." थांबले. ओठ हलले. "माळ्यावर होतो. ज्वारी..." मग डोळे उघडले आणि घाबरून माझ्याकडं बघितलं. "होतं गं. आत्ता होतं." हात तांदळात फिरत राहिला. मी फोन बंद केला. त्यांचं डोकं सोडून तो शेवट जगात कुठंच नव्हता, आणि त्या डोक्यातून तो निघून चालला होता.

महोत्सवाला पाच दिवस होते. मी मास्तरांकडं जाऊन भांडले. हे वाचायचं नाही, सत्र रद्द करा, म्हटलं. मास्तर चांगले गृहस्थ आहेत, पण चांगल्या गृहस्थांना कधीकधी काहीच कळत नाही. ते म्हणाले, छापील पुरावा आहे, दडवणं बरोबर नाही, उलट यावर चर्चा होऊ दे. मी म्हणाले, "चर्चा तुमच्या वडिलांवर करा." आमचं बोलणं तिथंच थांबलं. मी बाबांना फोन करून सांगितलं, तुम्ही येऊ नका.

"येतो," बाबा म्हणाले. "वाचू दे त्यांला."

"बाबा, तुमच्यासमोर वाचतील ते."

"मग? खोटं लोकांनी ऐकल्याबिगर खरं कोण इचारंल?"

"आणि तुम्हाला आठवलं नाही तर?"

त्यांनी फोन ठेवला. त्यांचा निरोप मी औषधवाल्या बाईंच्या हाती मास्तरांना पाठवला. ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ऑफिसात दोन पत्रं चुकीच्या फायलीत लावली. रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, आठवतंय का, आणि ते चिडून म्हणायचे, "इचारून इचारून घालवशील तू."

शेवटच्या सत्राला हॉल बऱ्यापैकी भरला होता. बाबा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत, शेजारी मी. मंचावर येऊन मास्तरांनी पुस्तकाची ओळख करून दिली, शहाण्णवाव्या पानापर्यंतची गोष्ट थोडक्यात सांगितली. माझ्याकडं न बघता ते एवढंच म्हणाले, की आता वाचतोय ते लेखकाच्या इच्छेनं वाचतोय. आणि सत्त्याण्णवावं पान वाचलं. त्यांचा आवाज भारदस्त आहे. तो मोह, ते घड्याळ, ते "आम्हा गावाबाहेरच्या माणसांची जातच तशी", सगळं हॉलभर घुमलं. मागं कुणीतरी हलकेच "अरे अरे" म्हणालं. आणखी दोन पानं झाली आणि मास्तर थांबले. त्यांनी चष्मा काढला, कागद खाली ठेवले आणि माईकवर म्हणाले, "मला हे पुढं वाचवत नाही."

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. बाबा उठले. मी हात धरायला गेले तर त्यांनी तो झटकला आणि पायऱ्या चढून वर गेले. माईक त्यांच्या उंचीपेक्षा वर होता. कुणी तो खाली करेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"हा शेवट माझा न्हाई," ते म्हणाले. "पुस्तकातला तो म्हातारा माझा बाप होता. त्यानं खून केला न्हाई, बघितला. त्याची साक्ष छापली न्हाई कुणी. ती मी आज देतो."

बाबांनी डोळे मिटले. ओठ तसेच हलत होते, जसे मुखेडला तांदळाच्या ताटावर हलले होते. एक, दोन, तीन. मग त्यांनी डावा हात वर घेतला आणि आपल्याच हाताची दोन बोटं मुडपली. आबांसारखी. आणि आवाज बदलला.

"साहेब, त्या दिवशी पहाटं मी माळ्यावर होतो. ज्वारी हुरड्यात आली होती. पाखरं उठायच्या आधी मला उठावं लागतंय. इहिरीवर दोन माणसं आली. हेडमास्तर म्होरं, त्येंच्या हातात कंदील. मागल्याच्या हातात काई न्हाई. मी बघितलं ते सांगतो, ऐकलेलं न्हाई. शाळंच्या जागंवरनं बोलणं झालं असंल, ते मला ऐकू आलं न्हाई. मागं फिरताना माणूस एकच होता. अन् कंदील त्याच्या हातात होता."

मी जागच्या जागी पर्स उपसायला लागले. फोनचं बटण दाबलं तर बॅटरी संपलेली, दिवसभर तोच तर हातात होता. वही नव्हती. हाताला लागले ते रेणापूरचे सोळा कागद. मी ते उलटे केले. मागची बाजू कोरी होती. मांडीवर पर्स, पर्सवर कागद, मी लिहायला लागले.

"त्या उजेडात म्या त्याला वळखलं. पाटलाचा धाकला भाऊ. फौजदार गावात तीनदा आले, साहेब. माझा माळा इहिरीपासनं दोनशे पावलं. तिन्ही बारी माझ्या खालनं गेले, माझ्याकडनं पाणी घेऊन पिले. मला कुणी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं. आज तुमी इचारलं. तर आता लिहून घ्या. मी म्हणतो तसंच घ्या, तुमच्या भाषेत करू नका."

बाबा थांबले. मी वर बघितलं. वाटलं, तुटलं, गेलं. पण ते मंचाच्या कडेला आले होते आणि डोळ्यांवर हाताचा आडोसा करून खाली माझ्याकडं बघत होते, माझ्या हातातल्या पेनकडं.

"झालं का लिहून?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले. "सांगा पुढं."